पाठपोट

नव्हेरच्या संग्रहालयाचं तळघर,
खिडकी लुआर नदीच्या पातळीला.
मी चौकटी करतो. एकतीस वर्षं झाली.
आज टेबलावर वीतभर कागद आलाय,
तेओद्युल गारिगूचा, सतराव्या वर्षीचा,
अजून पॅरिसला गेला नव्हता तेव्हाचा,
सहीखाली दोनदा रेघ ओढायचा तेव्हाचा.

पुढे घोडा.
कुणा दलालाने सांगून काढून घेतलेला:
चार खूर, चारही जमिनीवर,
पोट जरा जास्तच गोल, गिऱ्हाइकाला दाखवायचं म्हणून.
कोपऱ्यात मजुरी, दोन फ्रँक.
दोनावर काट. वर एक.
पोटासाठी काढलेलं चित्र
पोटापासूनच सुरू केलेलं दिसतं.

मागे पुठ्ठा होता.
कुणा शहाण्याने शंभर वर्षांपूर्वी
सबंध पाठ खळीने डकवून टाकलेली.
ओदीलबाईंनी तीन दिवस ओल्या टीपकागदाखाली ठेवून,
हाडाच्या पातीने, केसाकेसाने तो सोडवला.
तिसऱ्या दुपारी म्हणाल्या, लांबेर, जरा इकडे या.
आवाज असा, की झोपलेलं कुणी उठू नये.

तांबड्या खडूत एक मुलगी.
आठ वर्षांची. नऊ.
हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधलेलं,
गाठ डाव्या कानावर, सशाच्या कानांसारखी दोन टोकं.
डोळे मिटलेले.
झेली, माझ्या पाठची, असं त्यानेच लिहिलंय,
आणि ती कागदाच्याही पाठीलाच.
तारीख नाही.

नोंदवहीत ओदीलबाईंनी लिहिलं: दाढदुखी.
मग पेन थांबलं.
फडकं आम्ही दोघांनीही पाहिलंय
असंच बांधलेलं, आपापल्या घरात,
दाढ दुखत नसलेल्या माणसाला.

उशाशी पेला, पेल्यात चमचा उभा.
पेल्यावर एक वळसा, बारीक.
वाफ असेल, तर ती पिणार आहे.
नुसतं खडूचं टोक करून पाहिलं असेल
तर मला ठाऊक नाही.
भिंग लावलं. भिंगातून वाफही
खडूच दिसते.

कागद उजेडावर धरला
तर घोड्याच्या पोटाची रेघ
नेमकी तिच्या गालावरून जाते,
सुजल्यासारखी.
आधी कुठली बाजू?
ओदीलबाई म्हणतात, घोडा.
नावाड्याचं पोर, कागद महाग,
पाठकोरा फुकट कोण घालवणार?
मी म्हणतो, आधी ती. मग कागद उलटला,
कारण दोन फ्रँक लागणार होते.
कशाला, ते मी नाही सांगत.

साहेब खाली आले.
सही घोड्यावर आहे, म्हणाले, घोडाच पुढे.
ठीक.
मी दोन्हीकडून काच घातली.
मागची कडाही पुढच्याइतकीच नीट कापली,
चारी कोपरे नखाने तपासले.
हे बिलात नाही.
आता ती पहिल्या मजल्यावर असते, भिंतीकडे तोंड करून.
मिटल्या डोळ्यांना भिंतीचं काय.

पुठ्ठा मात्र टाकवेना.
शंभर वर्षं गालाला गाल लावून होता,
थोडं तांबडं त्याच्यात उतरलंय:
उलटी झेली, गाठ उजव्या कानावर.
ओदीलबाईंनी त्या दिवशी खिडकीबाहेर पाहिलं,
बराच वेळ, नदीत काहीच नसताना.
मी तो घरी आणला.

स्वयंपाकघरात आहे, मिठाच्या बरणीला टेकून.
काल ओर्तांस कांदे चिरता चिरता म्हणाली,
पोरीची कुठल्या बाजूची दाढ दुखतेय रे?
उजव्या, मी म्हटलं.
मग,
नाही, थांब.